अकरा सेकंदांचा शॉट

पंपाच्या आवाजावरूनच मला कळायचं. एस्प्रेसो नीट लागत असेल तर पहिले काही सेकंद पंप मोकळेपणाने घुरघुरतो. मग दाबून बसवलेल्या कॉफीचा अडसर लागला की आवाज खाली उतरतो, जड होतो, घाटाला लागलेल्या गाडीसारखा. त्या सकाळी तो उतरलाच नाही. एका सुरात घूं करत राहिला आणि पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरून मशीनला अडकवायची मुठीची पळी, तिच्या दोन्ही चोचींतून फिकट, पाणचट धार अकरा सेकंदांत कप भरून मोकळी झाली. चव आंबटढाण.

माझं मोजमाप साधं आहे: १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. बरेच लोक याच्या आसपासच असतात. अकरा सेकंद म्हणजे पूड जाड, एवढं कुणीही सांगेल. म्हणून ग्राइंडर दोन खाचा बारीक केला. दुसऱ्या दिवशी १९ सेकंद. तिसऱ्या दिवशी त्याच खाचेवर, तेवढ्याच वजनाला, मशीन गुदमरलं. चाळीस सेकंद पंप कण्हत राहिला आणि कपात काळे थेंब पडले, मोजून सात. चौथ्या दिवशी पुन्हा धबधबा.

कायम वेगाने येणारा शॉट, म्हणजे एका खेपेची एस्प्रेसो, हा काही मोठा प्रश्न नाही. लहरी शॉट मात्र डोकं खातो, कारण तुम्ही जे काही बदलाल त्याचा परिणाम झाला की नाही हेच कळत नाही.

आधी संशय बियांवर घेतला. भाजून दोन महिने झालेल्या होत्या, आतला कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला, त्यामुळे क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा सोनेरी फेस, तोही नावापुरताच. ताज्या आणल्या. क्रेमा परतला, लहर तशीच. बियांचा विषय तिथेच संपला.

मग मी मशीनच्या मागे लागले, आणि त्यात चार महिने गेले. आता विचार केला तर कारण सरळ दिसतं. मशीन चकचकीत आहे, त्यात स्क्रू आहेत, नळ्या आहेत, वाफ आहे, सुधारायला जागा आहे. ग्राइंडर म्हणजे कोपऱ्यातला काळा डबा. त्याच्याकडे बघावंसंही वाटत नाही.

दोन्ही वस्तू मी जुन्याच घेतल्या होत्या. मशीनला एकच छोटा ॲल्युमिनियमचा बॉयलर, थरथरणारा म्हणजे व्हायब्रेशन पंप, ५८ मिलिमीटरचं पोर्टाफिल्टर. ग्राइंडरमध्ये सपाट बर, म्हणजे समोरासमोर बसणाऱ्या दोन दातेरी पोलादी चकत्या. जात्याच्या दोन तळ्या आठवा, तसंच.

पहिला गुन्हेगार उघडच दिसत होता. पोर्टाफिल्टर बसवलं की मूठ पूर्वी सरळ माझ्याकडे यायची, ती आता उजवीकडे खूप पुढे जाऊन अडायची, आणि तरीही कडेने पाणी ओघळायचं. गास्केट गेलेलं. ही रबराची कडी उष्णतेने हळूहळू कडक होते, दबते. नवी बसवणं पाच मिनिटांचं काम, जुनी काढणं एका रविवारचं. रबर कसलं, कोळसा झालेला. टोच्याने उचकटायला गेले तर तुकडे पडत होते. शेवटी लाकडात बसवायचे दोन बारीक स्क्रू समोरासमोर रबरातच फिरवले, त्यांची डोकी पकडीत धरून आळीपाळीने ओढली, तेव्हा कुठे ती कडी करकरत बाहेर आली. खोबणीत राहिलेला चुरा मी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला. तो चुरा तसाच ठेवून नवी कडी बसवली की पुन्हा गळती ठरलेली.

शॉवर स्क्रीन, म्हणजे पाणी पसरवणारी जाळी, काढली तेव्हा तिच्या मागे डांबर होतं. दुसरा शब्द नाही. कॉफीचं तेल जळून थरावर थर बसलेले, आणि वास जुन्या ॲशट्रेचा. मी रोज जाळी बाहेरून पुसत होते आणि मशीन स्वच्छ ठेवते म्हणून स्वतःवर खूश होते. सगळं गरम पाण्यात कॉफी मशीनच्या पावडरीत अर्धा तास बुडवलं. पाणी तपकिरी झालं. मग पोर्टाफिल्टरमध्ये बास्केट, म्हणजे पूड भरायची वाटी, बिनभोकाची लावून बॅकफ्लश केला: पंप दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, पाच-सहा वेळा. आत साचलेलं तेलकट पाणी ट्रेमध्ये येतं. हे दर आठवड्याला करायचं असतं हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि करणं यांचं नातं इतर कामांत जसं असतं तसंच इथेही होतं.

चव सुधारली. जळका कडवटपणा गेला. वेळ मात्र १३, २८, १६, ३५.

मग दाब. पोर्टाफिल्टरच्या जागी बसणारं दाबमापक मिळतं, ते लावलं. पुढचा रस्ता बंद असताना काटा १३ बारवर गेला (बार हे दाबाचं एकक). मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १५ बार छापलेलं असतं ते पंपाचं कमाल बळ. कॉफीला तेवढं नको असतं. एस्प्रेसोचा ९ बार हा आकडा जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची यंत्रं वाफेच्या दाबावर चालायची, जेमतेम दीड-दोन बारवर. आकिले गाज्जियाने दुसऱ्या महायुद्धानंतर दांड्याचं, स्प्रिंगवालं यंत्र बाजारात आणलं तेव्हा दाब कितीतरी वाढला आणि कॉफीवर क्रेमा दिसू लागला. १९६१ मध्ये फाएमाच्या ई६१ या यंत्राने हाताच्या जागी विजेचा पंप आणला आणि ९ बारची घडी बसली.

वरचं झाकण काढलं की आत एक छोटा पितळी व्हॉल्व्ह दिसतो. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तो जास्तीचं पाणी टाकीत परत सोडतो. आतली स्प्रिंग ॲलन कीने सैल करायची, मोजायचं, पुन्हा सैल करायची. मी बंद रस्त्यावर १० बार ठेवले. बरोबर ९ नाही, कारण बंद रस्त्यावर सगळं पाणी त्या व्हॉल्व्हमधून परत जात असतं. कॉफी असताना त्यातलं काही कपाकडे वळतं आणि दाब थोडा खाली येतो. १३ बारवर पूड इतकी आवळली जायची की पाणी मिळेल ती फट शोधून तिथूनच पळायचं. ते कमी झालं. गुदमरणं तर जवळजवळ थांबलंच. म्हणून मला वाटलं जिंकलो, आणि पुढच्याच सकाळी अकरा सेकंद.

"अगं, तुला कॉफी प्यायचीये की नुसती मोजायचीये?" नवऱ्याने विचारलं. त्याला मशीनमधलं काही कळत नाही, पण मला ओळखतो.

आता तापमान. छोट्या बॉयलरच्या मशीनमध्ये दोन धातूंची पट्टी असलेला थर्मोस्टॅट असतो. पट्टी तापून वाकली की हीटर बंद, थंड होऊन सरळ झाली की चालू. मधल्या काळात पाणी दहाएक अंश सहज वर-खाली होतं, आणि एस्प्रेसोला तर ९० ते ९६ अंशांच्या आत राहायचं असतं. म्हणजे तुम्ही बटण नेमकं कधी दाबलं त्यावर चव ठरते. बरेच लोक दिव्याकडे बघून वेळ साधतात: थोडं पाणी सोडायचं, हीटरचा दिवा लागला की थांबायचं, विझला की ठरावीक सेकंदांनी शॉट घ्यायचा. मी ते दोन वर्षं केलं. झोपेतल्या माणसाने करायचं काम ते नव्हे.

म्हणून पीआयडी बसवला. हा कंट्रोलर तापमान किती कमी आहे एवढंच बघत नाही, ते कोणत्या वेगाने बदलतंय हेही बघतो आणि हीटरला वीज मोजून-मापून देतो. सामान फार नाही: कंट्रोलर, सॉलिड स्टेट रिले, तापमानाचा सेन्सर, उष्णता सोसणाऱ्या वायरी. काम मात्र घरच्या विजेशी आणि पाण्याशी एकाच वेळी आहे. प्लग काढूनच, आणि शंका असेल तर जाणकार माणूस शेजारी बसवूनच. बॉयलर मोकळा झालाच आहे, तर क्षारही काढून टाकू, असा विचार करून सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण फिरवलं. ॲल्युमिनियम असल्याने जास्त वेळ ठेवलं नाही, पाण्याने दोनदा धुतलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडद्यावर ८२ अंश दिसत होते आणि खालून जाळीतून वाफ फुत्कारत होती. माझं डोकं दोन सेकंद मानायलाच तयार नव्हतं. पडदा ८२ म्हणतोय ना? मग प्लग ओढला. सेन्सर जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी फिरवून बसवला होता, पण आट्यांत आधीच्या कुणीतरी लावलेलं काहीतरी सुकून बसलेलं होतं. सेन्सरचं टोक बॉयलरला टेकतच नव्हतं. तो बिचारा मधल्या हवेचं तापमान सांगत होता आणि कंट्रोलर त्यावर विश्वास ठेवून हीटर पेटवत होता. आटे साफ केले, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, मग जमलं. वायरिंग करताना बॉयलरवरचा थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा, मध्ये मध्ये येतो म्हणून तो वगळायचा मोह मला झाला होता. वगळला असता आणि मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत असते, तर हा मजकूर वेगळा झाला असता.

पीआयडीनंतर चव खरंच स्थिर झाली. बाहेरून मोजलेलं बॉयलरचं तापमान आणि कॉफीवर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यात काही अंशांचा फरक असतो, म्हणून आकड्याच्या मागे न लागता जिभेवर ठरवलं. आंबट वाटली की एक अंश वर, कडवट वाटली की एक अंश खाली. तीन दिवसांत जागा सापडली.

वेळ: १२, २६, १५.

इथे मी वही काढली. ती पहिल्याच दिवशी काढायला हवी होती. तारीख, पुडीचं वजन, कपातलं वजन, सेकंद, आणि शेवटी एक शेरा. तीन आठवडे मशीनला हात लावला नाही. शेऱ्यांत सुरुवातीला मी काहीही लिहीत होते: 'पाऊस', 'घाईत', 'टॅम्पर वाकडा?' (टॅम्पर म्हणजे पूड दाबायचा ठोकळा). पण तीन आठवड्यांची पानं एकत्र बघितल्यावर एक शेरा डोळ्यांत भरला. 'हॉपर भरला', म्हणजे ग्राइंडरवरचं बियांचं भांडं भरलं, असं जिथे लिहिलं होतं तिथे पुढचे चार-पाच शॉट सावकाश. मग दिवसागणिक वेग वाढत गेलेला. हॉपर रिकामा होत आला की अकरा-बारा सेकंद. पुन्हा भरला की पुन्हा सावकाश.

यातला अर्धा भाग सर्वांनाच लागू आहे. वर बियांचं वजन नसलं की बिया चकत्यांवर टणाटण उडतात, नीट आत ओढल्या जात नाहीत आणि पूड बदलते. पण माझ्याकडे फरक दुपटीहून जास्त होता. ग्राइंडर बंद करून, प्लग काढून, वरची कडी हातात धरून हलवली. ती हलली. फिरली नाही, हलली: वर-खाली, खिळखिळ्या दातासारखी.

वरची चकती ज्या कडीत बसते ती आट्यांवर फिरते. एक खाच फिरवली की चकती कणभर खाली-वर होते. माझ्या कडीच्या आट्यांत सैलपणा आला होता. बियांचं वजन असलं की कडी खाली दबून राहायची, वजन कमी झालं की दळताना वर उचलली जायची. आकडा तोच, फट वेगळी. चार महिने मी ज्या आकड्यावर विसंबून मशीनची परीक्षा घेत होते, तो आकडाच खोटा होता.

उघडला. हॉपर काढायचा, व्हॅक्यूम लावायचा, कडी पूर्ण फिरवून बाहेर. आट्यांत जुनी पूड दाबून दाबून विटेसारखी बसलेली. चकत्यांच्या धारांवर नख फिरवलं तर नख घसरत गेलं. धारदार चकती नखाला खरवडते. जात्याला टाकी लावतात तसं इथे करता येत नाही, नव्या चकत्याच आणाव्या लागतात. खालची चकती काढायला मधला बोल्ट सोडवताना मी अर्धा तास त्याला आवळतच होते, कारण त्याचे आटे उलटे होते. मोटर फिरताना तो सैल होऊ नये म्हणून तसे असतात. बोल्ट हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघावं, हे मला आता हातात फोड आल्यामुळे माहीत आहे.

नव्या चकत्या बसवून एक जुनी युक्ती केली. चकतीच्या बाहेरच्या कडेवर व्हाइटबोर्डच्या पेनाने काळी शाई लावायची, प्लग काढलेलाच ठेवून चकत्या एकमेकींना जेमतेम टेकतील इतक्या जवळ आणायच्या, हाताने एक वेढा द्यायचा आणि उघडून बघायचं. सगळीकडून शाई सारखी पुसली गेली तर चकत्या समांतर आहेत. माझी एका बाजूने स्वच्छ पुसलेली आणि समोरच्या बाजूला जशीच्या तशी. चकती बसते त्या जागेवर, स्क्रूच्या भोकाशेजारी, पुडीचा एक चिवट पापुद्रा रंगासारखा चिकटलेला होता. ब्लेडने हळूच खरवडला. फरक बराच गेला, तरी थोडा राहिला. तिथे ॲल्युमिनियम फॉइलचा केसाहूनही पातळ कपटा चकतीखाली सरकवला, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, परत शाई, परत वेढा. सहाव्या खेपेला कड सगळीकडून सारखी पुसली गेली. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढला. कुणाला दाखवावा हे मात्र सुचलं नाही.

आणि आट्यांच्या सैलपणाला उपाय काय? प्लंबर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. दोन वेढे. कडी घट्ट, तरी फिरते. चार महिन्यांतला सगळ्यात स्वस्त भाग हाच निघाला. टेपची टोकं आत लोंबू नयेत, ती दळली जातील, एवढी काळजी घ्यायची.

नव्या चकत्यांची धार पहिल्या किलो-दोन किलोपर्यंत बदलत राहते, म्हणून त्याच शिळ्या बिया दळून टाकल्या. मग खरा शॉट. जुन्या आकड्यावर मशीन ठप्प, साहजिकच. चार खाचा जाड केलं. पंपाचा आवाज उतरला, जड झाला... आणि मध्येच पुन्हा हलका झाला. खाली ट्रेमध्ये टपटप. शॉट ४५ सेकंद रखडला, चव मऊ, बेचव, आणि बास्केटमध्ये कॉफीच्या घट्ट वडीऐवजी चिखल.

दाबमापक पुन्हा लावलं. ६ बार. मागच्या वेळी १० ठेवले होते!

मशीनमध्ये तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. शॉट चालू असताना तो बॉयलरचा रस्ता कॉफीकडे उघडतो आणि ट्रेचा बंद ठेवतो. शॉट संपला की उलट, उरलेला दाब ट्रेमध्ये सोडतो. म्हणूनच पोर्टाफिल्टर लगेच काढलं तरी अंगावर उडत नाही आणि वडी कोरडी निघते. शॉट चालू असताना ट्रेच्या नळीतून पाणी येतंय म्हणजे तो रस्ता पूर्ण मिटत नाहीये. वरचा नट काढला, कॉइल उचलली, आतली छोटी दांडी आणि स्प्रिंग बाहेर काढली. दांडीच्या रबरी टोकावर तिळाएवढा पांढरा कपचा रुतून बसला होता. क्षाराचा. मीच सायट्रिक ॲसिडने सोडवलेला. दोनदा धुतलं होतं, व्हॉल्व्ह न उघडता.

आणि हे महिनाभर कळलं का नाही, तर पूड जाड असल्याने पाणी अकरा-बारा सेकंदांत निघून जायचं, दाब चढायलाच वाव नव्हता. ट्रे जरा लवकर भरतोय असं वाटलं होतं. मला वाटलं मी जास्त कॉफी पितेय. हॉपर भरलेला असतानाचे शॉट चांगल्या वेळात यायचे तेही खरे चांगले नव्हते. गळणारा व्हॉल्व्ह आणि सैल कडी एकमेकांच्या चुका सावरत होत्या. ग्राइंडर सुधारला नसता तर व्हॉल्व्ह सापडला नसता.

कपचा काढला, दांडी पुसली, बसवलं. १० बार. शॉट २७ सेकंद. दुसरा २८. तिसरा २७.

त्यानंतरच्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. पाण्याचं क्षारमान पट्टीने मोजलं तर बरंच जड निघालं. आता खनिजं काढलेल्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घालते. यात कॅल्शियमच नसल्याने क्षार धरायचा प्रश्न येत नाही, आणि नुसत्या शुद्ध पाण्याच्या कॉफीला येणारा सपाटपणाही नाही. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक फवारा मारते. पूड स्थिर विजेने भिंतींना चिकटत नाही, गुठळ्या कमी होतात. हे थोतांड वाटायचं, पण २०२३ मध्ये 'मॅटर' या नियतकालिकात ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरच निबंध आला. त्यांच्यासोबत ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारा माणूस होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. बास्केटमधली पूड ढवळायला बुचात टोचलेल्या चार बारीक सुया पुरतात. ठरावीक जोराला 'टक्' वाजणारा टॅम्पर मी हौसेने घेतला होता. त्याने काडीचा फरक पडला नाही. सपाट दाबलं म्हणजे झालं.

हॉपरमध्ये आता बिया ठेवतच नाही. दर वेळी १८ ग्रॅम तोलून टाकते आणि वरून झाकण दाबते. वही चालू आहे, पण शेऱ्याचा रकाना बहुतेक दिवस कोराच असतो. फक्त गेल्या पंधरवड्यात तीनदा लिहिलंय: 'ग्राइंडरचं बटण दोनदा दाबावं लागलं'. स्क्रू ड्रायव्हर कुठल्या खणात आहे ते मला माहीत आहे. नवऱ्यालाही माहीत आहे, म्हणून तो सध्या तिथे नाही.